एकादशी आणि औषधाची गोळी

वारकरी सज्जनहो, एकादशीचे माहात्म्य आम्ही आजवर पुष्कळ वेळा सांगितले. त्याच एकादशीपायी आमच्या घरी काय घडले, ते आज सांगायचे आहे. संकोच वाटतो, कारण चूक आमच्याच तोंडून झालेली.

आमचे वडील, सारे त्यांना आण्णा म्हणतात, लोहा तालुक्यातले शेतकरी. गळ्यात माळ, आषाढीची पायी वारी कधी चुकली नाही. २०१९ साली मृगाच्या पेरणीत त्यांना दम लागू लागला. जेवण चार घासांवर आले. डाव्या बरगडीखाली पोट दगडासारखे लागे. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले, पानथरी सुजली आहे. रक्तात पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार; निरोगी माणसाच्या चार ते अकरा हजार असतात. बहिणीकडे लातुरास राहून हाडातला मगज तपासला. रक्ताचा कर्करोग निघाला, तोही वर्षाकाठी लाखामागे एखाद-दुसऱ्यालाच होणारा.

मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. उतरलो दादरला, गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत. बाबांनी देवळे न बांधता धर्मशाळा बांधल्या, हे आम्ही कीर्तनात किती वेळा सांगितले असेल! तिथे अंथरूण टाकल्यावर ते खरे कळले.

डॉक्टर म्हणाले, पेशीतल्या नवव्या आणि बाविसाव्या रंगसूत्राचे तुकडे अदलाबदल होऊन एक बिघडलेले प्रथिन तयार होते, ते पेशींना वाढ थांबवू देत नाही. ही खूण १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियास सापडली. तिला आवरणारी इमॅटिनिबची गोळी २००१ साली आली. मूळ कंपनीच्या दराने महिन्याला लाखावर खर्च येई. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी त्या कंपनीस पेटंट नाकारले आणि देशी कंपन्यांची स्वस्त गोळी चालू राहिली. नाहीतर कोरडवाहू शेतकऱ्याने काय विकले असते? डॉक्टरांनी बजावले, गोळी रोज, जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर. एकही दिवस चुकवू नका.

तीन महिन्यांत पानथरी उतरली, पेशी ताळ्यावर आल्या. घरात आनंद झाला. पण पुढच्या तपासणीत रोग पुन्हा वर सरकलेला. डॉक्टरांनी विचारले, गोळ्या चुकतात का? आण्णा खाली मान घालून बसले. परतीच्या गाडीत बोलले, "एकादशीला पोटात काई घालीत नाही मी. आन् उपाशीपोटी गोळी घेऊ नका म्हणलेत ना डॉक्टर? मग त्या दिवशी गोळी नाही."

महिन्याच्या दोन एकादशा आणि एक शिवरात्र, म्हणजे तीसात तीन गोळ्या. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० साली हेच दाखवून दिले होते, की दहातली एक गोळी जरी चुकत गेली तरी रोग पुरता दबण्याची आशा फार कमी होते. मंडळी, आम्ही गप्प झालो. निरंकार एकादशीचा आग्रह चातुर्मासात व्यासपीठावरून आम्हीच धरला होता, आणि आण्णा पुढच्याच रांगेत बसले होते.

घरी आल्यावर नाथांची गोष्ट काढली. रामेश्वरास नेण्याची गंगेची कावड त्यांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली. आण्णा म्हणाले, "ते नाथ होते रे बाबा. मी कोण?" आमचे पांडित्य तिथेच संपले. मग म्हटले, "आण्णा, एकादशी मोडू नका. भगर खा, वर गोळी घ्या. दोष लागलाच तर तो आमच्या माथी, सांगणारे आम्ही होतो." तरी ते बधेनात. शेवटी दिंडीचे म्हातारे विणेकरी आले. त्यांनी एवढेच विचारले, "वाटेनं पाय फुटला तर तेल लावता का नाही, आण्णा? का वारी हाय म्हणून तसंच चालता?"

पुढच्या एकादशीला आण्णांनी भगरीचे चार घास घेतले. डोळ्यांत पाणी होते, पण गोळी घेतली. सहा महिन्यांनी आकडा उतरला; दोन वर्षांनी रोगाची खूण रक्तात शोधूनही सापडेना. गोळी मात्र रोज चालूच आहे. डोळ्यांखाली सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात, ते सोसतात.

आता एकादशीवर बोलायला उभे राहिलो की आम्ही आधी विचारतो, साखरेची, रक्तदाबाची, कसलीही गोळी कुणाची चालू आहे? हात वर होतात, बायामाणसांचे जास्त. त्यांना सांगतो, डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नका.

२०२० आणि २०२१ ला पायी वारी बंद होती. २०२२ च्या आषाढीस आण्णा पुन्हा दिंडीत निघाले. एकादशीच्या दिवशी चंद्रभागेचे स्नान करून वाळवंटात बसले, कमरेची पिशवी सोडली आणि आम्हाला म्हणाले, "उभा काय राहिलास? पाणी आण, गोळी घ्यायचीय."