२९ टक्क्यांची सोय

आरोन अँतोनोव्हस्की या इस्रायली समाजशास्त्रज्ञाच्या हाती १९७० च्या सुमारास एक आकडा लागला. युरोपातून इस्रायलमध्ये आलेल्या, रजोनिवृत्तीच्या वयातल्या स्त्रियांची पाहणी चालू होती. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांपैकी २९ टक्के जणींचं मनःस्वास्थ्य चांगलं निघालं. छावणी न भोगलेल्यांत ५१ टक्के. अँतोनोव्हस्कींना नवल वाटलं ते २९चं. एवढं सोसून या उभ्या कशा?

मला नवल नाही वाटलं, बरं वाटलं. उरलेल्या ७१ टक्क्यांवरून माझी नजर किती सहज घसरली! ‘माणूस सगळ्यातून उठतो’ हे वाक्य मला हवंच होतं, चारचौघांत सांगायला. का? समोरचा सावरला की ऐकणारा सुटतो, म्हणून?

आणखी एक खोड. ज्यूंच्या छळाचा विषय निघाला की दोन वाक्यांत मी कोकणात पोचतो. नवगावला उतरलेले ज्यू, म्हणजे आपले शनिवार तेली, बेने इस्रायल. आमच्याकडे त्यांना कुणी छळलं नाही. खरं आहे. पण त्यात माझं काय कर्तृत्व? कुणाच्या तरी घरादाराच्या मरणाची गोष्ट चाललेली असताना मी आपल्या भलेपणाची पावती फाडत बसतो.

आणि सावरणं म्हणजे तरी काय? नवा देश, नोकरी, मुलंबाळं यांत दडपलेलं म्हातारपणी, हात रिकामे झाल्यावर वर येतं. सोव्हिएत संघातून अमेरिकेत आलेल्यांना तर मायदेशी बोलायचीही मुभा नव्हती. कीव्हच्या बाबी यार दरीत सप्टेंबर १९४१ मध्ये नाझींनी दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले. १९७६ च्या सरकारी स्मारकावर त्यांचा ज्यू म्हणून उल्लेखच नव्हता. गप्प राहूनच जो तगला, त्याला ब्रुकलिनमध्ये सत्तरीत ‘मन मोकळं करा’ म्हणायचं? की त्याचं मौन आपल्याला सोयीचं आहे, म्हणून मी त्याला आदर म्हणतोय? ठरत नाही.

छावणीतून वाचलेल्या, वृद्धाश्रमात उशीखाली पाव लपवणाऱ्या आज्यांबद्दल वाचलं होतं. पाहणीत त्या २९ टक्क्यांत मोजली गेलेली बाई पुढे अशीच आजी झाली नसेल कशावरून? मग ती सावरलेली की न सावरलेली? तो पाव काढून घेऊ नये, एवढं मला कळतं. पण मी तिथे असतो तर? मुंग्या लागतील म्हणून सगळ्यांत आधी मीच उशी उचलली असती.