दान की देणे?



'देणे' हा आपल्या मराठीतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. आपल्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातावर ठेवली, तर ते देणे. वाण्याकडची राहिलेली उधारी किंवा पतपेढीचा थकलेला हप्ता, तेही देणेच. पहिले देणे आपल्या मर्जीचे. दिले तर लोक कौतुक करतात, न दिले तर कोणी बोल लावीत नाही. दुसरे मात्र फेडावे लागते, आणि ते फेडल्याबद्दल कोणी आपला सत्कार करीत नाही. धर्मग्रामात आपण जी सेवा करतो, ती यांपैकी कोणते देणे आहे? या रविवारी या प्रश्नावर थोडा विचार करू या.

प्रश्न पुस्तकी वाटेल, पण तो तसा नाही. मिस्सानंतर घोषणा होते: आजाऱ्यांच्या भेटीसाठी, मुलांच्या अभ्यासवर्गासाठी, सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या कुटुंबभेटींसाठी, पाड्यावरच्या आरोग्य शिबिरासाठी स्वयंसेवक हवे आहेत. नावे येतात, पहिला महिना उत्साहाचा जातो. मग लग्नसराई येते, पाऊस येतो, मुलांच्या परीक्षा येतात. यादी तेवढीच राहते, माणसे कमी होतात. विचारले तर उत्तर मिळते, "फादर, आम्ही काही पगारी नाही. स्वखुशीने येतो. जमेल तेव्हा येऊ." या उत्तरात उद्धटपणा नसतो. त्यामागे एक विचार असतो: जे मी स्वखुशीने सुरू केले, ते स्वखुशीने थांबवायलाही मी मोकळा आहे. हा विचार बरोबर आहे का, ते पाहू.

त्याच्या बाजूने बरेच बोलता येईल. जबरदस्तीने केलेल्या प्रेमाला कोणी प्रेम म्हणत नाही. करिंथच्या ख्रिस्ती लोकांकडून यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी मागताना संत पौलानेही हेच सांगितले, की प्रत्येकाने आपल्या मनात ठरवले असेल तसे द्यावे, कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नये. देवाने आपल्याला स्वतंत्र इच्छा दिली आहे आणि सेवा त्या स्वातंत्र्यातूनच उगवली पाहिजे. हजेरीपट घेऊन उभे राहणे हे धर्मगुरूचे काम नाही, हेही आम्हांला मान्य आहे.

पण दुसरी बाजू शुभवर्तमानातच आहे. शेवटच्या न्यायाचा जो दाखला तीन वर्षांतून एकदा ख्रिस्तराजाच्या सणाला आपण ऐकतो, त्यात डाव्या हाताला उभ्या केलेल्यांवर चोरीचा आरोप नाही, खुनाचा नाही, खोट्या साक्षीचाही नाही. त्यांनी काही केले नाही, एवढाच त्यांचा दोष. भुकेल्याला जेवू घातले नाही, आजाऱ्याला भेटायला गेले नाहीत. भेटायला जाणे ही केवळ मर्जीची बाब असती, तर न गेल्याचा दोष कसा लागला असता? लाजराच्या दाखल्यातला श्रीमंत माणूसही तसाच. त्याने लाजराला दारातून हाकलून दिले, असे कुठेही म्हटलेले नाही. लाजर दाराशी पडला होता आणि श्रीमंत माणूस आत जेवत होता, एवढेच.

ख्रिस्तसभेच्या थोर आचार्यांनी हा धागा सोडला नाही. चौथ्या शतकातले बिशप संत बाझील यांनी कैसरिया नगराजवळ आजारी व निराधार लोकांसाठी मोठे सेवाकेंद्र उभारले. आपल्या पेटीत नुसता पडून राहिलेला कपडा उघड्या माणसाच्या मालकीचा आहे, अशी त्यांची शिकवण होती. 590 ते 604 या काळात पोप असलेले संत ग्रेगरी तर असे मानीत, की गरजूला आवश्यक ते देताना आपण दया करीत नाही, त्याचेच त्याला परत करतो. म्हणजे पोप महोदयांच्या हिशेबात ही रक्कम दानाच्या खात्यात बसत नाही. ती देण्याच्या, उधारी फेडण्याच्या खात्यात बसते.

मग एका बाजूला स्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूला ऋण, यांचा मेळ कसा घालायचा? तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस येथे मदतीला येतात. गरजूला मदत करणे ही देवाची आज्ञा आहे की नुसता उपदेश, असा प्रश्न ते आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात विचारतात आणि उत्तर देताना फरक करतात. आपल्या गरजा भागून जे उरते त्यातून देणे, आणि ज्याचा जीव अगदी टांगणीला लागला आहे त्याला देणे, ही आज्ञा आहे. त्यापलीकडचे देणे हा उपदेश आहे. तेथे प्रत्येकाच्या स्वातंत्र्याला जागा आहे. त्यांच्या दृष्टीने गरजू पुष्कळ आहेत आणि एकटा माणूस सर्वांना पुरा पडू शकत नाही. म्हणून आपल्याकडचे कोणाला द्यायचे, हे ठरवण्याची मोकळीक देणाऱ्याला आहे.

हाच फरक आपल्या सेवेला लावून पाहू. द्यायचे की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती माणसापुढे उरत नाही. कोठे, कोणाला, किती वेळ आणि कोणत्या रीतीने, हे मात्र आपण ठरवायचे. एखाद्याला आजाऱ्याच्या खाटेशी बसणे जमते, एखाद्याला मुलांचे गणित घेणे जमते. एखादा बोलका नसतो, पण सरकारी कचेरीतला अर्ज नीट भरून देतो. निवड आपली, ऋण मात्र सर्वांचे.

यात आणखी एक पायरी आहे. निवड केली आणि शब्द दिला, की ती मोकळीकही संपते. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन नेण्याची आपली प्रथा आहे. त्या दिवशी घरात अडकून पडलेली आजी लवकर अंघोळ उरकते, टेबलावर धुतलेले पांढरे कापड अंथरते, मेणबत्ती आणि क्रूस मांडून ठेवते आणि दाराकडे पाहत बसते. जाणाऱ्याला त्या दिवशी 'जमले नाही' आणि त्याने निरोपही दिला नाही, तर त्याने एक दान कमी केले, एवढेच म्हणून भागेल का? भागणार नाही. त्याने दिलेला शब्द मोडला. तिने भेट मागितली नव्हती, आपणच तिला वाट पाहायला लावले. पगार नसल्यामुळे शब्दाचे वजन कमी होत नाही. पगारी माणसाला पगाराचे बंधन तरी असते. बिनपगारी माणसाजवळ त्याचा शब्द एवढीच वस्तू असते.

सेवेला ऋण मानल्याने घेणाऱ्याचीही सुटका होते. दान घेणाऱ्याने हात जोडावेत, रांगेत उभे राहावे, फोटोसाठी पिशवी छातीशी धरावी, अशी आपली अपेक्षा असते. पण आपले घेणे वसूल करणाऱ्याला कोणी असे उभे करीत नाही. आम्हांला वाटते, मदतवाटपाच्या प्रत्येक फोटोपूर्वी आपण स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या जागी माझी आई असती, तर हा फोटो मी काढू दिला असता का? फाटके कपडे आणि मुदत संपलेली औषधे 'गरिबांसाठी' म्हणून चर्चमध्ये आणून ठेवतानाही हाच प्रश्न उपयोगी पडेल.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर जो आदेश काढला, त्यात याहून कठोर इशारा आहे: न्यायाने जे द्यायलाच हवे, ते दया म्हणून देऊ नये. आपल्या वाडीत काम करणाऱ्या आदिवासी मजुराची मजुरी थकवायची आणि नाताळात त्याच्याच पाड्यावर ब्लँकेटे वाटायची, असे घडत असेल तर ती सेवा नव्हे. घरकाम करणाऱ्या बाईला आजारपणाची रजा नाकारून तिच्या मुलाला वह्या देणे, हेही तसेच. आधी मजुरी, मग ब्लँकेट.

येथे कोणी म्हणेल, "सेवेचे कर्तव्य केले की प्रेम आटते. कर्तव्य म्हणून आलेला माणूस आजाऱ्याला नको असतो." या आक्षेपात तथ्य आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने 1785 साली लिहिलेल्या ग्रंथात अशा माणसाचे उदाहरण घेतले आहे, ज्याचे मन स्वतःच्या दुःखाने बधिर झाले आहे आणि तरीही तो केवळ कर्तव्य म्हणून दुसऱ्याला मदत करतो. कांटच्या मते त्याच्या कृतीचे नैतिक मोल तेव्हाच खऱ्या अर्थाने दिसते. त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या ॲरिस्टॉटलला हे पटले नसते. चांगले काम करताना ज्याला आनंद होत नाही, तो अजून पुरता सद्गुणी झालेला नाही, असे त्याचे म्हणणे. पण हा आनंद सवयीने येतो, हेही त्यानेच सांगितले. आम्हांला दोघेही हवेसे वाटतात. ज्या दिवशी मन लागत नाही त्या दिवशी कांटचे ऐकून जावे. असे जात राहिले, तर ॲरिस्टॉटल सांगतो तो आनंद एक दिवस आपणहून येतो. रात्री तीन वाजता रडणाऱ्या बाळासाठी उठणारी आई त्या क्षणी आनंदाने उठते, असे नाही. पण तिच्या उठण्यात प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप घरातून येतो. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारी आणि रात्री परत येऊन चूल पेटवणारी आपली भगिनी विचारते, "माझ्याकडे उरते काय, ज्यातून मी द्यावे?" तिला आम्ही सांगू की तिचे देणे ती रोज फेडत आहे. आईबापांना सांभाळण्याची जबाबदारी देवाला अर्पण केलेल्या वस्तूंचे निमित्त करून टाळणाऱ्यांना प्रभू येशूने खडसावले होते. घरी खाटेवर पडलेल्या सासऱ्याला उपाशी ठेवून कोणी चर्चमध्ये सेवेला येऊ नये. मात्र ज्यांचे घर मार्गी लागले आहे, जे निवृत्त झाले आहेत, ज्यांच्या संध्याकाळी टीव्हीपुढे आणि मोबाइलवर सरतात, त्यांनी उरलेल्याचा हिशेब प्रामाणिकपणे करावा.

हे ओझे एकट्याचे नाही, हे संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी 1617 साली ओळखले. फ्रान्समधल्या शातियों या गावी ते धर्मगुरू होते. गावाबाहेरच्या एका कुटुंबात सगळेच आजारी पडल्याचे त्यांना रविवारच्या मिस्सापूर्वी कळले आणि त्यांनी प्रवचनात ते सांगितले. दुपारी ते स्वतः निघाले तर वाटेत जाणाऱ्या-येणाऱ्यांची रांग लागलेली! लोकांनी इतके अन्न नेले होते की त्यातले बरेचसे नासणार होते, आणि नंतर त्या घरात पुन्हा उपासमार होणार होती. प्रेम होते, पण त्याला शिस्त नव्हती. व्हिन्सेंट यांनी गावातल्या स्त्रियांना एकत्र केले आणि पाळी लावून दिली: आज एकीने, उद्या दुसरीने. त्या पाळीतून जी सेवेची परंपरा सुरू झाली, तिच्यावर आज जगभरच्या कितीतरी संस्था उभ्या आहेत.

दाखल्यातल्या शोमरोनी माणसानेही आपला प्रवास कायमचा सोडला नाही. त्याने जखमा बांधल्या, एक रात्र जवळ राहिला, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि परत येण्याचा शब्द देऊन तो आपल्या कामाला गेला. त्याने जगाचे सगळे दुःख अंगावर घेतले नाही. जेवढे घेतले, त्याचा मात्र शेवटपर्यंत हिशेब ठेवला.

म्हणून पुढच्या वेळी नाव द्याल तेव्हा कमी द्या, पण खात्रीचे द्या. महिन्यातला एक तास चालेल, एक कुटुंब चालेल. जमणार नसेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळी निरोप द्या आणि बदली माणूस सुचवा. वर्षभराने थांबावेसे वाटले तर खुशाल थांबा, पण ज्यांच्याकडे जात होता त्यांचा निरोप घेऊन थांबा. आणि कोणी आभार मानले नाहीत, तर वाईट वाटून घेऊ नका. सगळे काम उरकल्यावर आपण केवळ आपले कर्तव्य केले असे म्हणावे, असे प्रभूने शिष्यांना शिकवले आहे. आपल्याला जीवन मिळाले, श्रद्धा मिळाली, क्षमा मिळाली, आणि त्याचे बिल कोणी पाठवले नाही. ज्याच्याकडून हे मिळाले त्याने वसुलीसाठी आपल्याला गरिबाच्या दाराशी पाठवले आहे. तेथे जाताना दाते म्हणून न जाता देणेकरी म्हणून जाऊ या.

– आपले धर्मगुरू