जागरण आणि जागृती

जागरण म्हटलं की पूर्वी आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. तपस्वीच्या घरी पारण्याच्या आदल्या रात्री जमलेल्या बायका, स्तवनं, टाळ्या, आणि भिंतीला टेकून केव्हाच झोपी गेलेली पोरं. सुरतेत आता दुसरं एक जागरण घराघरांत शिरलं आहे. त्यात स्तवन नाही, सोबत नाही. एका खोलीत ट्यूबलाइट जळते, कॉम्प्युटरच्या पडद्यावर साडीचा पल्लू उघडलेला असतो आणि त्याच्यापुढे घरातली एखादी मुलगी किंवा सून हनुवटीला हात लावून बसलेली असते.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रिंग रोडच्या मार्केटमध्ये ज्या साड्या गठ्ठ्यांनी विकल्या जातात, त्यातल्या प्रत्येकीची डिझाइन आधी कोणीतरी कॉम्प्युटरवर काढलेली असते. बॉर्डर वेगळी, पल्लू वेगळा, अंगातली बुट्टी वेगळी. प्रिंटची डिझाइन असेल तर तिचं रिपीट जुळावं लागतं, म्हणजे तुकड्याची खालची कड दुसऱ्या तुकड्याच्या वरच्या कडेला अशी मिळाली पाहिजे की सांधा दिसू नये. एम्ब्रॉयडरीची असेल तर पंचिंग करावं लागतं, मशीनच्या सुईने कुठून कुठे जायचं ते टाक्या-टाक्याने सांगावं लागतं. मग मॅचिंग, म्हणजे तीच डिझाइन सहा-आठ रंगांत. हे काम आता पुष्कळ बायका घरी बसून करतात. व्यापारी दिवसभर माल विकतो, रात्री जेवून निवांत झाला की त्याला नवीन काहीतरी सुचतं, आणि दहा-साडेदहाला मोबाइलवर फोटो येतो. सोबत चार शब्द, "ऐसा कुछ, सुबह तक."

आमच्या घरी सूनबाई हे काम करते. मी स्वतः लिखाण कॉम्प्युटरवर करते, त्यामुळे पडद्यासमोरची पेंग काय चीज आहे हे मला ठाऊक आहे. पोळ्या लाटताना पेंग येत नाही. धुणं वाळत घालताना येत नाही. हात-पाय चालत असले की शरीर जागं राहतं. पडद्यापुढे मात्र सगळं अंग स्थिर, फक्त बोटं हलतात, पापण्या नेहमीपेक्षा कमी मिटतात, डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. त्यातून डिझाइन असो की लेख, काम असं की पुढची रेघ कुठे न्यायची हे कोणी सांगणार नाही, ती मनातून यायला हवी. ती येईपर्यंतचा जो रिकामा वेळ असतो, त्यातच झोप येऊन बसते.

यांच्या आत्या, आमच्या भुवाजी, चातुर्मासात आमच्याकडे होत्या. त्यांनी एकदा जेवताना सरळ विषय काढला. "कॉम्प्युटरपुढे दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते, आणि सकाळी सामायिकात बसली की डुलक्या. झोप शरीराला येत नाही गं, ज्यात रस नाही त्यात येते." सूनबाई काही बोलली नाही. तिने ताट उचललं आणि आत गेली. भुवाजींचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. ज्यात रस नाही तिथे जांभई येते, हे खोटं थोडंच आहे? आणि सामायिकाचे जे 32 दोष सांगितले आहेत, त्यांतल्या कायेच्या 12 दोषांत आळस आहे आणि निद्राही आहे. मग झोप येणं हा दोष की नाही? मी त्या दिवसापासून या प्रश्नाला चिकटून आहे.

आपल्या शास्त्रात झोप एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी भेटते. आपण व्याख्यानात ऐकतो ते एकच ठिकाण, प्रमादाचं. मद, विषय, कषाय, निद्रा, विकथा असे पाच प्रमाद. दुसरं ठिकाण कर्मग्रंथातलं. तिथे झोप हे दर्शनावरणीय कर्माचं फळ आहे आणि तिचे पाच प्रकार आहेत. सहज जाग येते ती निद्रा. हाका मारून, हलवून उठवावं लागतं ती निद्रानिद्रा. बसल्या जागी, उभ्या उभ्या येते ती प्रचला. चालता चालता येते ती प्रचलाप्रचला. आणि दिवसा मनात घोळलेलं काम माणूस झोपेतच उठून करून टाकतो, ती स्त्यानगृद्धी. किती बारीक पाहिलं आहे बघा! कॉम्प्युटरपुढच्या पेंगेला वेगळं नाव शोधायला नको, प्रचला तयारच आहे. तिसरं ठिकाण उत्तराध्ययनाच्या सव्विसाव्या अध्ययनात, साधूच्या दिनचर्येत. रात्रीचे चार प्रहर. पहिल्यात स्वाध्याय, दुसऱ्यात ध्यान, चौथ्यात पुन्हा स्वाध्याय. आणि तिसरा प्रहर झोपेचा. तिथला शब्द मला फार आवडतो, निद्रामोक्ष. झोपेला मोकळी करायची. अडवून धरलेल्या गाईला सोडावं तशी.

म्हणजे ज्यांनी सगळं सोडलं त्यांच्यासाठीसुद्धा झोपेचा एक प्रहर राखून ठेवलेला आहे. आपण संसारी बायका तो राखत नाही, आणि मग सकाळी सहाला सामायिकात डुलकी आली की तिला अश्रद्धा म्हणतो. रात्री दोनला निजलेल्या मुलीची ती डुलकी प्रमाद नाही, ती थकबाकी आहे. शरीर आपलं येणं वसूल करतं, आणि वसुलीला ते अशीच वेळ निवडतं जेव्हा माणूस शांत बसलेला सापडतो. मार्केटच्या कामात तिला रस आहे आणि धर्मात नाही, असं त्यावरून ठरवणं मला पटत नाही. दोनच्या सुमारास ती कॉम्प्युटरपुढेही पेंगतच असते. फरक इतकाच, तिथे तिला बघायला भुवाजी नसतात.

मग प्रमाद कुठे आहे? उत्तराध्ययनाच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमस्वामींना पुन्हा पुन्हा बजावतात की एक समयभरही प्रमाद करू नकोस. समय म्हणजे काळाचा ज्याच्या पुढे तुकडा होत नाही असा अंश. लहानपणी जळगावला हे ऐकायची तेव्हा मला वाटायचं, झोपाळू माणसाला सांगितलं असणार. पण गौतमस्वामी काही पेंगणारे नव्हते. पहिले गणधर ते. ज्याला हा उपदेश केला तो माणूस सगळ्यांत जागा होता, यावरूनच कळतं की प्रमादाचा अर्थ डोळे मिटणं एवढाच नाही. डोळे टक्क उघडे असून मन कामावरून निघून गेलेलं असतं, ते महाग पडतं. सूनबाई सांगते, खरी गडबड पेंगेत होत नाही. पेंगेत हात थांबतो. गडबड होते ती अर्धवट जागेपणी, जेव्हा हात चालूच राहतो. चुकीच्या लेअरवर काम होतं, जुन्या फाइलवर नवी सेव्ह होते, रिपीटची कड एका रेघेने सरकते. ती रेघ पडद्यावर दिसत नाही. कापड छापून आल्यावर ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते.

आणि पेंग घालवायला आपण काय करतो? मोबाइल हातात घेतो. पाच मिनिटं बघते, झोप उडेल. उडतेही. पण विकथेचे चार प्रकार आठवून बघा, स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा, राजकथा. कोणाच्या लग्नात कोणी काय घातलं, कुठे काय खायला मिळतं, कुठल्या देशात काय चाललंय, कोणत्या पुढाऱ्याने काय म्हटलं. मोबाइलमध्ये दुसरं असतं तरी काय! झोप घालवायला मोबाइल घेणं म्हणजे एक प्रमाद देऊन दुसरा घेणं, वर अर्धा तास घालवणं. त्यापेक्षा ती झोप बरी, ती निदान शरीराच्या कामी आली असती.

दुसरा उपाय चहाचा. आमच्याकडे चौविहार आहे, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, त्यामुळे रात्रीचा चहा हा प्रश्नच नाही. सूनबाई माहेरी रात्री चहा घ्यायची, इथे आल्यावर पहिले काही महिने तिला जड गेलं. आता तीच सांगते की सातच्या आत हलकं जेवल्यामुळे दहापर्यंत डोकं स्वच्छ राहतं. सुरतेत हे सांगायचं म्हणजे धाडसच. "सुरतचं जमण आणि काशीचं मरण" म्हणणारं गाव हे, लोचो आणि घारीवर जगणारं. चहाचं विज्ञानही आपल्या बाजूचं आहे. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्याने झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, पण साठा काही कमी होत नाही. पाच-एक तासांनंतरही त्यातलं जवळजवळ निम्मं कॅफीन अंगात असतं. म्हणजे कर्ज फिटत नाही, फक्त सावकाराला दाराबाहेर उभं केलेलं असतं.

भगवंतांच्या साधनाकाळाचं वर्णन आचारांगाच्या नवव्या अध्ययनात आहे. त्यात झोपेचा उपायही आला आहे. झोप दाटून आली की ते रात्री बाहेर पडत आणि मुहूर्तभर चालत. मुहूर्त म्हणजे 48 मिनिटं, आपल्या सामायिकाएवढा वेळ. मला हा उपाय आणि हा आकडा दोन्ही कॉम्प्युटरसाठी अगदी योग्य वाटतात. 48 मिनिटं काम, मग उठायचं. गॅलरीत जाऊन दूरच्या झाडाकडे, पुलाकडे बघायचं, म्हणजे डोळ्यांचे ताणलेले स्नायू सैल होतात. जमलं तर उभ्याने काउसग्ग. एसीची बंद खोली असेल तर आधी खिडकी उघडा, बाकीचं नंतर. सूनबाईने आणखी एक केलं आहे. नवीन डिझाइन सुचायची तेव्हा ती सकाळी बसते. दुपारी एक ते तीन, जेव्हा जेवण हलकं असलं तरी डोळे जड होतातच, तेव्हा मॅचिंगचं काम. रंग बदलायला प्रतिभा लागत नाही, म्हणते.

दुपारी ती वीस मिनिटं आडवी होते. याबद्दलही घरात कुरकुर झाली. पण नासाने लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांवर एक प्रयोग केला होता. आळीपाळीने 40 मिनिटांची विश्रांती दिली, त्यात ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि विश्रांती न घेणाऱ्यांपेक्षा पुढच्या उड्डाणात जास्त सावध राहिले. ज्याच्या हाती शेकडो जीव त्याला झोपू देतात, आणि आपल्या सुनेने भरदुपारी पाठ टेकली तर आपल्याला लाज वाटते. पॅरिसच्या संशोधकांनी 2021 मध्ये तर याहून गमतीचं दाखवलं. माणसांना गणितं दिली, त्यांत एक छुपी युक्ती होती. मध्ये वीस मिनिटं खुर्चीत विसावायला सांगितलं. जे अगदी वरवरच्या झोपेत किमान 15 सेकंद शिरून आले, त्यांच्यातल्या शंभरातल्या 83 जणांना ती युक्ती सापडली. जे जागेच राहिले त्यांच्यात सुमारे 30, आणि जे खोल झोपेत गेले त्यांच्यात 14. म्हणजे डोळ्यांवर आलेली ती पहिली झापड नवीन सुचण्याची शत्रू नाही. तिच्या उंबऱ्यावरूनच कधी कधी बुट्टी चालत येते.

आपल्याकडच्या जुन्या लहियांची मला या कामात फार आठवण येते. लहिया म्हणजे पोथ्या नकलून काढणारे. ग्रंथ पुरा झाला की शेवटी ते आपल्या मोडून आलेल्या पाठीची, कमरेची, मानेची तक्रार लिहून ठेवत आणि विनवत की कष्टाने लिहिलेलं हे जपा. शेकडो वर्षांपूर्वीची ती तक्रार आणि सूनबाईची तक्रार यांत मला काही फरक दिसत नाही. फक्त लहियाला दिवसाचा उजेड गेला की थांबावं लागे. तिच्या पडद्याला रात्र होत नाही.

आणि इथे मला मुख्य गोष्ट बोलायची आहे. आपण पाप मोजताना तीन करण धरतो, करणं, करवणं, अनुमोदणं. पेंगणाऱ्या मुलीचा प्रमाद आपण मोजतो. पण तिला जागवणाऱ्याचं काय? लूम बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतो, त्याला झोप नाही, म्हणून डिझाइन काढणाऱ्यालाही नसावी असं बाजाराने ठरवलं. "सुबह तक" लिहिणारा व्यापारी आपल्यातलाच असतो, पाठशाळेला देणगी देणारा, स्वतः साडेदहाला निजणारा. त्याने काम करवलं. आणि आपण घरातल्यांनी "किती मेहनती आहे गं" म्हणून कौतुक केलं, ते अनुमोदन. पाण्यातल्या जीवासाठी पाणी गाळतो, आणि घरातल्या एका पंचेंद्रिय जीवाची झोप रोज तीन तास कापली जाते, ते आपल्या हिशेबात कुठेच लिहिलं जात नाही.

भुवाजींना मी हे असंच म्हटलं. त्या बराच वेळ माळ फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "पण पैसा लागतो ना गं. हप्ता आहे घराचा." हेही खरंच होतं, आणि त्याला माझ्याजवळ शास्त्रातलं उत्तर नव्हतं. आम्ही तिघी-चौघींनी बसून हिशेब केला. सूनबाईने मग व्यापाऱ्यांना कळवून टाकलं की संध्याकाळी आठनंतर आलेल्या कामाला दुसऱ्या दिवशी सकाळी हात लागेल. पाचांतले दोन सोडून गेले. एकाने भाव कमी करून मागितला, तिने दिला नाही, तरी तो टिकला. सामायिक आता ती सहाऐवजी सातला करते, नाश्ता माझ्याकडे आला आहे. लगनसरा तोंडावर आहे. त्या दिवसांत आठचा नियम पाळायचा की तेवढ्यापुरता सैल करायचा, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.