टक्का भाड्यावर की उरलेल्यावर?

ट्रक ड्रायव्हरला पगाराऐवजी फेरीच्या भाड्यात टक्का द्यायचा ठरला, की लगेच वाद उभा राहतो तो खर्चाचा. टक्का ढोबळ भाड्यावर काढायचा, की डिझेल, टोल, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), पंक्चर आणि गाडीचा हप्ता वजा जाऊन उरेल त्यावर? दुसऱ्याच्या मालमत्तेवर राबणाऱ्यानं त्या मालमत्तेची जोखीम किती उचलावी, हा धर्मशास्त्रांनीही हाताळलेला प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे. माझ्या मते टक्का ढोबळ भाड्यावरच हवा, आणि खर्चातला जेवढा भाग खरोखर ड्रायव्हरच्या हातात आहे तेवढ्याचाच जाब त्याला विचारावा.

समजा, फेरीचं भाडं 40,000 रुपये आणि खर्च 28,000. भाड्यावर दहा टक्के दिले काय किंवा उरलेल्या 12,000 चा तिसरा हिस्सा दिला काय, ड्रायव्हरला 4,000 च मिळतात. म्हणून ठरवताना दोन्ही बोली सारख्याच वाटतात. पुढच्या फेरीत डिझेल महागलं, एक टायर गेला आणि खर्च 6,000 नी वाढला. पहिल्या बोलीत ड्रायव्हरचे 4,000 शाबूत राहतात, दुसरीत त्याच्या हाती 2,000 पडतात. कसारा घाट तोच, रात्रीचं जागरण तेच, आणि मजुरी निम्मी. ना डिझेलचा भाव त्यानं ठरवला, ना घासलेला टायर त्यानं बसवला.

मालवाहकाच्या जबाबदारीचा विचार याज्ञवल्क्यस्मृतीत आला आहे. माल नष्ट झाला तर वाहकानं भरून द्यावा, मात्र राजामुळे किंवा दैवामुळे झालेलं नुकसान त्याच्याकडून वसूल करू नये, असा तिथला नियम आहे. वाहकानं अर्ध्या वाटेत काम टाकलं तर दंड, आणि धन्यानं त्याला वाटेत सोडलं तर धन्यालाही तसाच दंड. कौटिल्य तर मजुरी ठरलेली नसल्यास शेतावर राबणाऱ्याला पिकाचा दहावा हिस्सा देतो. बियाणं वजा करून, असं म्हणत नाही. हे ग्रंथ माणसामाणसांत भेद करणाऱ्या समाजाचे आहेत, हे मी विसरलेलो नाही. त्यांचा अधिकार मानून मी ते पुढे करत नाही. त्यांतला विवेक मला पटतो. टोलचा दर आणि डिझेलवरचा कर हा आजचा राजा, दरड कोसळून बंद पडलेला घाट हे दैव. यांचा भार गाडी हाकणाऱ्याच्या मजुरीवर टाकायला कुठला आधार आहे?

नफ्यातला वाटा म्हणजे भागीदारी, ती मजुरीपेक्षा मानाची, असं काही मालक म्हणतात. भागीदारी खरी असेल तर जरूर मानाची. पण हप्ता वजा करून टक्का काढला, की ड्रायव्हरच्या घामातून गाडीचं कर्ज फिटतं. कर्ज संपून गाडी विकली, तर त्या पैशात त्याचा हिस्सा किती? काहीच नाही. हिशेबाची वही त्याला दाखवत नाहीत, गाडी कुठल्या मालाला लावायची हे त्याला विचारत नाहीत. तोट्यापुरता भागीदार आणि मालमत्तेच्या वेळी नोकर, हे नातं मला अन्यायाचं वाटतं.

खर्चाची झळ नसेल तर ड्रायव्हर डिझेल बेफिकीर जाळेल, हा आक्षेप वजनदार आहे. त्यावर उपाय आहे ॲव्हरेज, म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर, हे ठरवण्याचा. रिकामी गाडी, भरलेली गाडी, सपाट रस्ता, घाट यांचं वेगवेगळं ॲव्हरेज ठरवावं. त्या हिशेबापेक्षा डिझेल वाचवलं तर बचतीत वाटा द्यावा, आणि विनाकारण जास्त जाळलं तर तेवढ्याचा जाब घ्यावा. चलानाचंही तसंच. बेदरकार गाडी चालवल्याचा दंड ड्रायव्हरचा; ओव्हरलोडचा दंड ज्यानं तो माल घेतला त्या मालकाचा.

उरतो एकाच गाडीचा मालक, स्वतः कर्जात बुडालेला. त्याला ढोबळ भाड्यावर दहा टक्के झेपत नसतील. मग त्यानं आठ सांगावेत, उघड सांगावेत. ड्रायव्हर बिल्टीवरचा आकडा बघून फेरी सुटण्याआधीच हो किंवा नाही म्हणेल. कमी टक्का मान्य करणं हा व्यवहार आहे. जास्त टक्का कबूल करून मागाहून वजावटी काढणं ही फसवणूक आहे. वाराईच्या वादात ट्रकमालकांच्या संघटनांनी व्यापाऱ्यांना 'ज्याचा माल त्याचा हमाल' असं ठणकावलं आणि ते योग्यच होतं. मालाचा खर्च मालवाल्याचा, तर गाडीचा खर्च गाडीवाल्याचा, हे त्याच मालकांना आपल्या ड्रायव्हरच्या हिशेबात नाकारता येणार नाही.