टेकडी ज्याची त्यानं चढावी

१८१६ साली इंग्लंडात उन्हाळा आलाच नाही. आदल्या वर्षीच्या एप्रिलात, हजारो मैलांवर, सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्यानं युरोपवरचं ऊन हिरावून घेतलं होतं. पण हे कारण तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. बाथ शहरात लोक पंप रूममध्ये झऱ्याचं कोमट पाणी पीत आणि खिडकीबाहेरच्या पावसाला नावं ठेवत.

अशा दिवसांत एका जमीनदाराची मुलगी मावशीबरोबर तिथं राहायला आली. येताना तिनं ॲकरमनच्या मासिकाचा अंक जपून आणला होता. लंडनच्या स्ट्रँडवरून १८०९ पासून दरमहा निघणाऱ्या या मासिकात फॅशनची हातानं रंगवलेली चित्रं असत. मिल्सम स्ट्रीटजवळच्या एका म्हाताऱ्या शिंपिणीपुढं तिनं त्यातलं एक पान उघडून ठेवलं. चित्र होतं बाहेर फिरायला जाण्याच्या पोशाखाचं: छातीच्या लगेच खाली कंबर घेतलेला पांढरा मलमलीचा झगा, घोट्याशी झालर, वरून पेलिस नावाचा लांब रेशमी कोट, फितींची बॉनेट, करडाच्या कातड्याचे नाजूक बूट आणि हातात जेमतेम रुमाल मावेल एवढी रेटिक्यूल.

“हुबेहूब असाच हवा.”

शिंपिणीनं चष्मा नाकावर सरकवून चित्र न्याहाळलं. “यातली बाई उभी आहे, बाईसाहेब. तुम्ही कुठवर चालणार?”

“बीचेन क्लिफवर. तिथून सगळं बाथ दिसतं म्हणे.”

“मग पेलिस लोकरीचा घ्या आणि बूट जाड तळाचे. मलमल मूळची बंगालची, तिथल्या उकाड्यासाठी विणलेली. आता ग्लासगोतही विणतात, पण म्हणून तिला इथला पाऊस थोडाच सोसणार?”

“चित्रात लोकर नाही,” मुलगी म्हणाली आणि बोलणं तिथंच थांबलं.

पोशाख तयार झाला. तो घालून ती निघाली तेव्हा मावशीनंसुद्धा दारापर्यंत येऊन कौतुक केलं. नदीवरच्या पुलापर्यंत सगळं ठीक होतं. चढ लागला आणि सरीही आल्या. झालरीनं चिखल शोषून घेतला, मलमल गुडघ्यांना चिकटली, पाऊल जेमतेम वीतभर पडू लागलं. करडाच्या बुटांना निसरड्या वाटेवर काही धर मिळेना. अर्ध्या वाटेत तिनं बसकण मारली. वरून एक दूधवाली येत होती. अंगात जाड लोकरी झगा, पायांत खिळे ठोकलेले बूट. तिनं एका हातात चरवी सांभाळली आणि दुसऱ्या हातानं मुलीला उठवून खाली आणलं. पुढं दोन भोयांनी तिला बंद खुर्चीत बसवून घरी पोहोचवलं. बाथमध्ये चढ फार, त्यामुळे असे भोई केव्हाही मिळत.

चिखलाचा डाग काही केल्या निघेना. चार दिवसांनी ती पुन्हा शिंपिणीकडे गेली. या वेळी मासिक घरीच होतं, हातात होता तो मळका झगा. “आजीबाई, आता तुम्ही म्हणाल तसं.”

शिंपिणीनं झालर काढून टाकली आणि डागावर चार बोटं रुंदीची तपकिरी लोकरी पट्टी बसवली. वर घालायला अस्तराचं आखूड स्पेन्सर जाकीट शिवलं. जाड तळाचे बूट कुठं मिळतील तेही सांगितलं. मग पाऊस जरा उघडला की मुलगी टेकडीवर जाऊ लागली. आधी दोनदा बसून, मग एकदा, मग न थांबता. तिच्या गालांवर रंग चढला, भूक वाढली, मावशीची कुरकुर तिला ऐकू येईनाशी झाली.

पंप रूममध्ये हे लपून राहणं शक्यच नव्हतं. लवकरच तीन मैत्रिणी शिंपिणीच्या दारात हजर. “तशीच तपकिरी पट्टी हवी. कुठल्या अंकात आली आहे हो ती?”

“चिखलाच्या अंकात,” म्हातारी म्हणाली आणि मापाची फीत घेऊन उठली. दाराबाहेर भोई तीन खुर्च्या घेऊन ताटकळत होते. ते पाहून ती हसली. “पट्टी काय, उद्या संध्याकाळपर्यंत लावून देते. पण तिच्या गालांवरचा रंग मी शिवलेला नाही. तो टेकडीवर मिळतो आणि तिथं खुर्ची जात नाही.”

मुलींना हा विनोद वाटला. त्यांनी आगाऊ पैसे मोजले, खुर्च्यांत बसल्या आणि भोयांनी दांडे उचलले.

तात्पर्य: दुसऱ्याचा पोशाख मापं देऊन शिवून घेता येतो, त्याची चाल मात्र स्वतः चालूनच कमवावी लागते.