सत्याचे मोल

दिवाळीची झाडलोट करताना फळीवरून ‘स्मृतिचित्रे’ हाती आले, आणि हातातली केरसुणी तशीच राहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांना सत्य गवसले. पण त्याचे मोल मोजले लक्ष्मीबाईंनी. नवरा असून त्या काही वर्षे त्याच्यावाचून राहिल्या. आपल्या सत्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणण्याचा माणसाला अधिकार आहे काय?

‘नाही’ म्हणावे, तर टिळकांनी मनात एक आणि आचरणात दुसरे ठेवून संसार करायला हवा होता. ‘आहे’ म्हणावे, तर बाईंचे अश्रू आड येतात.

मला उत्तर दिसते ते पुढच्या वर्षांत. दोघे पुन्हा एकत्र आली, तेव्हा बाई आपले सोवळेओवळे पाळीतच होत्या. टिळकांनी आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. जातिभेद खोटा, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले; १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तोही आपणहून.

फराळाला बसलेल्या घरात सगळ्यांची मते थोडीच एक असतात? ताट मात्र प्रत्येकाचे मांडलेले असावे.