कापणीच्या शेतातील आशीर्वाद

शास्त्रपाठ : रूथ २:१-१६



बेथलेहेमात सातूची कापणी चालली आहे. शेताचा धनी बवाज येतो आणि कामाची चौकशी करण्यापूर्वी कापणाऱ्यांस परमेश्वराच्या नावाने अभिवादन करतो. तेही त्याला उलट आशीर्वाद देतात. चाकराच्या आशीर्वादाची धन्यालाही गरज असते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

बवाजाचे शब्द पोकळ नव्हते. त्याने परदेशी रूथेला कापणाऱ्यांच्या पंक्तीस बसविले, स्वतः हुरडा दिला आणि तिला कोणी धमकावू नये अशी गड्यांना ताकीद दिली. ती आईबाप व जन्मभूमी सोडून आली आहे, हे तो जाणून होता.

अनुवादाच्या २४ व्या अध्यायात सांगितले आहे की, गहाण ठेवलेले पांघरूण सूर्य मावळताना परत मिळाले तर गरीब आशीर्वाद देतो. मजुरी अडवली तर तोच परमेश्वराकडे गाऱ्हाणे करतो. मुख एकच, त्यातून काय निघावे, हे पुष्कळ अंशी धन्याच्या हाती आहे.

आपल्या बंगळुरात मे २०२० मध्ये याची परीक्षा झाली. टाळेबंदीमुळे अडकलेले परप्रांतीय मजूर गावी जाण्यास आतुर होते. बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर राज्य सरकारने ६ मेपासूनच्या खास रेलगाड्यांची मागणी मागे घेतली. टीकेची झोड उठली, तेव्हा निर्णय फिरवावा लागला. शहराला हात हवे होते. त्या हातांमागे घराची ओढ लागलेला माणूस आहे, याचा विसर पडला.

पण सरकारला दोष देणे सोपे आहे. त्या दिवसांत आपण घरकाम करणाऱ्या बाईंना येऊ नका म्हणून सांगितले, तेव्हा त्यांचा पगार दिला काय? आजही त्यांचा पेला वेगळा ठेवतो काय? त्यांच्या मुलांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय?

चाकरी करणाऱ्या बांधवांनो, तुम्हीही आपले काम प्रभूची सेवा समजून मनापासून करा (कलस्सै ३:२३). आणि धन्यांनो, स्वर्गात आपलाही एक धनी आहे, हे विसरू नका (कलस्सै ४:१).

उद्या सकाळी दाराची घंटा वाजेल. काम सांगण्यापूर्वी आपल्या मुखातून पहिला शब्द आशीर्वादाचा निघो, आणि महिनाअखेरीस आपला हात त्या शब्दाची साक्ष देवो. आमेन.